मुलाखतीची भीती आणि आपली तोंडी परीक्षा

नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला एक सल्ला हमखास मिळतो, "घाबरू नकोस." आई हातावर दही-साखर ठेवताना म्हणते, वडील स्टँडवर सोडताना म्हणतात, आणि पाया पडायला शाळेत आलेल्या माजी विद्यार्थ्याला आपण शिक्षकही तेच म्हणतो. हेतू चांगलाच असतो हो. पण या सल्ल्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कोणी ठरवून घाबरत नसतं. उलट बाहेर बाकावर बसल्यावर छाती धडधडायला लागली, की त्या पोराला वाटतं, सगळ्यांनी इतकं सांगूनही मी घाबरतोच आहे, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग मुलाखतीची भीती राहते बाजूला आणि घाबरल्याचीच भीती वाटायला लागते.

माझं स्पष्ट मत आहे, की या भीतीवरचा इलाज मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात क्लास लावून फारसा होत नाही. तो शाळेत व्हायला हवा. आणि त्यासाठी नवा उपक्रम नको, नवी फाइल तर अजिबात नको. तोंडी परीक्षा आपल्याकडे आहेच. तिच्याकडे येते, पण आधी ही भीती म्हणजे काय ते बघू.

समोर धोका दिसला की शरीरात ॲड्रेनालिन स्रवतं. हृदय जोरात पळतं, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात. बिबट्या समोर आला तर ही तयारी कामाची. टेबलामागे बसलेल्या तीन माणसांसमोर तिचं काय करायचं हे शरीराला कळत नाही, एवढंच. यात आजार काही नाही. 'खोल श्वास घे' हा सल्ला आपण देतो तोही अर्धाच असतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. म्हणून महत्त्वाचं काम सोडण्याचं आहे. चार आकडे मोजत घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा. बाकावर बसल्या बसल्या दहा वेळा केलं तरी फरक जाणवतो, आणि शेजारच्या उमेदवाराला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट, मनाला काय सांगायचं? हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचं 2014 मधलं संशोधन इथे उपयोगी आहे. लोकांसमोर गाणं, भाषण किंवा गणितं करण्याआधी काहींनी स्वतःला 'मी शांत आहे' असं सांगितलं, तर काहींनी 'मी उत्साहात आहे' असं. दुसऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण धडधड थांबवणं अवघड असतं, तिचा अर्थ बदलणं त्या मानाने सोपं. आपल्या पोरांना 'मी उत्साहात आहे' हे वाक्य पुस्तकी वाटेल. मी त्यांना सांगते, "धडधडतंय कारण ही नोकरी मला मनापासून हवी आहे," असं म्हण. ते खरंही असतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याला वाटतं, आपली भीती समोरच्याला लख्ख दिसते आहे. प्रत्यक्षात ती दिसते त्याहून फार कमी. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवलं, की भाषणाआधी वक्त्यांना नुसती ही माहिती दिली तरी त्यांची भाषणं चांगली झाली, आणि ऐकणाऱ्यांनाही ती चांगली वाटली. माहितीनेच काम केलं, ना औषध ना मंत्र! मग ही माहिती आपण दहावीच्या वर्गात का देत नाही?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. शाळेत प्रश्न कोणाला विचारला जातो आठवा. मागे कुजबुजणाऱ्याला. "काय रे, उभा राहा. मी आत्ता काय सांगितलं?" म्हणजे प्रश्न हा पकडण्यासाठी असतो, उत्तर एकच असतं आणि ते आलं नाही तर वर्ग हसतो. दहा-बारा वर्षं हे बघितलेला मुलगा मुलाखतीच्या खोलीत जातो, तेव्हा समोरचे त्याला पकडायलाच बसलेत असं त्याला वाटणारच. मग तो यूट्यूबवरचं 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर पाठ करून जातो. मध्येच कोणी थांबवून "तुमच्या गावाजवळून कुठली नदी वाहते?" असं विचारलं, की पाठांतराची गाडी रुळावरून घसरते. नदी माहीत नसते असं थोडंच आहे?

माझी एक माजी विद्यार्थिनी बी.एड. झाली, टेटमध्ये चांगले गुण मिळवले आणि पवित्र पोर्टलवरून 'मुलाखतीसह' प्रकारात एका संस्थेच्या शाळेत मुलाखतीला गेली. पाठ उत्तम झाला. मग समितीतल्या एका बाईंनी सहज विचारलं, "ही कविता तुम्हाला स्वतःला आवडते का?" ती म्हणाली, "हो मॅडम." त्यांनी विचारलं, "का?" आणि तिथे तिला काही म्हणजे काही सुचलं नाही. निवड झाली नाही. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, मला बोलताच येत नाही." ही तीच मुलगी, जी आठवडी बाजारात वडिलांच्या भाजीच्या पालावर उभी राहून गिऱ्हाइकाला जुडी का महाग झाली ते पटवून द्यायची. तिला बोलता येत होतं. स्वतःचं मत कोणी विचारेल आणि त्याचं कारणही ऐकून घेईल, याची तिला सवय नव्हती. तिच्या घरात शिकून नोकरीला लागणारी ती पहिलीच असती. 'मला येत नाही' हा शिक्का तिने स्वतःवर मारून घेतला, त्याचं मला नोकरी हुकल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दहावीला भाषा विषयात लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण असतात. मार्च 2019 च्या परीक्षेत हे भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, आठवत असेल. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी 77.10 टक्क्यांवर आला. केवढा गदारोळ झाला! पुढच्या वर्षीपासून गुण परत आले. ते परत आले हे बरंच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत टक्केवारी होती, अकरावीचे प्रवेश होते, इतर बोर्डांशी तुलना होती. या वीस गुणांतून मुलं बोलायला शिकतात का, हा प्रश्न मला फारसा कुठे ऐकू आला नाही. किती शाळांमध्ये तोंडी म्हणजे रांगेत उभं राहून दोन ओळी म्हणायच्या आणि सतरा-अठरा गुण घेऊन बसायचं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

वेळ नाही, वर्गात साठ मुलं आहेत, हे खरं आहे. पण हिशोब करू. एका मुलाला तीन मिनिटं धरली तर साठ मुलांना 180 मिनिटं, म्हणजे 35 मिनिटांच्या पाच-सहा तासिका. एका सत्रात एवढ्या निघू शकतात. तीन मिनिटांत दोनच प्रश्न विचारायचे. पहिला धड्यातला चालेल. दुसरा असा हवा, की ज्याचं उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही, आणि त्याला जोडून शांतपणे "का?" विचारायचं. मूल अडलं तर घड्याळाकडे बघायचं नाही. वर्गाला हसू द्यायचं नाही, हे तर सगळ्यात आधी. "याची मला माहिती नाही, पण मला असं वाटतं..." असं कोणी म्हणालं तर त्याचे गुण कापायचे नाहीत, उलट द्यायचे. हेच वाक्य पुढे मुलाखतीत अब्रू राखतं. थापा मारणारा उमेदवार दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडा पडतो. "प्रश्न परत सांगता का?" असं विचारायलाही शिकवायला हवं. तो हक्क आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

कोणी म्हणेल, मुलाखती तर बंदच होत चालल्या. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट-क आणि गट-ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे बरोबर. वशिल्याला वाव नको म्हणून ते योग्यच झालं. पण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण आजही मुलाखतीचे आहेत. आणि आपली बहुतेक मुलं जातात ती कारखान्यात, दवाखान्यात, शोरूममध्ये, खाजगी शाळेत. तिथे समोर बसून बोलल्याशिवाय कोणी कामावर घेत नाही.

इंग्रजीच्या भीतीबद्दल थोडंसं. यूपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते, हे मुलांना आवर्जून सांगा. खाजगी कंपनीत इंग्रजी लागेल तिथे साधी, छोटी वाक्यं पुरतात. मराठीत विचार जुळवता येत नसेल तर मात्र इंग्रजीचा कुठलाही क्लास कामाला येणार नाही.

पालकांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. पाहुणे आले की आपण म्हणतो, "काकांना कविता म्हणून दाखव." मूल म्हणतं, टाळ्या पडतात, आत पळतं. ते सादरीकरण झालं, संभाषण नाही. त्याऐवजी काकांशी दहा मिनिटं बसून बोलू द्या, आणि काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या वतीने तुम्ही देऊ नका. बँकेत, पोस्टात, एसटीच्या पासच्या खिडकीवर सातवी-आठवीच्या मुलाला पुढे करा. अडखळेल, खिडकीमागचा माणूस खेकसेलही कदाचित. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा.

एखाद्याची भीती याच्या पलीकडची असते. मुलाखत जवळ आली की झोप उडते, जेवण जात नाही, मुलगा ऐनवेळी घरीच बसतो आणि हे पुन्हा पुन्हा होतं. तिथे श्वास मोजून भागणार नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायला हवं. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आम्ही नववीच्या वर्गात तोंडीच्या वेळी आता तीन मुलांनाच समितीत बसवतो, आळीपाळीने. नियम एकच, प्रश्न अपमान करणारा नको. आधी मुलं एकमेकांना अडकवायला बघतात, राजधान्या नि सनावळ्या विचारतात. दोन-तीन दिवसांत कंटाळतात. मग प्रश्न बदलतात. "तुला शेती करायला आवडेल का?" असं एकीने विचारलं होतं. उत्तर देणारा बराच वेळ गप्प राहिला, वर्गही गप्प राहिला, आणि मग तो पाणी, भाव आणि वडिलांचं कर्ज यांवर चांगली चार मिनिटं बोलला. तीन मिनिटांचा नियम त्या दिवशी आम्ही पाळला नाही.