हिमनदीची जबानी नोंदवून घ्या!

डॉ. होमी भाभा यांचा मृत्यू अपघाती की घातपाती, हा प्रश्न या देशाने गेली सुमारे साठ वर्षे नुसता विचारला आहे. तो सोडविण्याचे मात्र त्याने कधी मनावर घेतले नाही. दरवर्षी २४ जानेवारी उजाडली की जुन्या शंका नव्याने उगाळल्या जातात, परकीय हेरखात्याचे नाव घेतले जाते, चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत सर्वत्र सामसूम होते. या अवधीत आल्प्स पर्वतातील एक हिमनदी आपल्या उदरातून त्याच विमानाचे तुकडे एकामागून एक बाहेर टाकीत आली आहे. साक्षीदार दाराशी येऊन उभा आहे आणि ज्यांना न्याय हवा म्हणून आक्रोश चालतो, त्यांच्यापैकी कोणी त्याची जबानी घ्यायला पुढे होत नाही, असा हा विपरीत प्रकार आहे.

घटना सर्वविदित आहे. २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनीव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वताच्या माथ्यानजीक आदळले. मुंबईहून दिल्ली, बेरूत, जिनीव्हा या मार्गाने ते लंडनला चालले होते. विमानातील ११७ माणसांपैकी एकही वाचला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले डॉ. भाभा त्यांत होते. फ्रेंच चौकशी मंडळाने या अनर्थाची जी मीमांसा केली, ती थोडक्यात अशी: बेरूत सोडतानाच विमानातील एक दिशादर्शक रेडिओयंत्र निकामी होते. त्यामुळे पर्वतापासून आपण नेमके कोठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. जिनीव्हाच्या नियंत्रकाला रडारवर ती चूक दिसली आणि माँ ब्लाँ अद्याप पाच मैल पुढे आहे, असे त्याने कळविलेही; परंतु ते शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वतरांग मागे पडली या समजुतीने वैमानिक विमान खाली आणीत राहिला.

हा निष्कर्ष पुष्कळांच्या गळी उतरला नाही आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अवघ्या तेरा दिवसांपूर्वी ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे आकस्मिक निधन झाले होते. ज्या दिवशी भाभा गेले, त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भारताने मनात आणले तर अठरा महिन्यांत अणुबॉम्ब तयार होऊ शकेल, असे भाभांनी १९६५ च्या ऑक्टोबरात बोलून दाखविले होते. इतके योगायोग एकाच महिन्यात जुळून आले, तर सामान्य माणसाचे मन साशंक होणारच. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात अमेरिकन हेरखात्याच्या एका माजी अधिकाऱ्याशी झालेले म्हणून काही संभाषण छापले गेले आणि विमानाच्या सामानकक्षात बॉम्ब ठेवला होता, ही कथा सर्वतोमुखी झाली. तो अधिकारी २००० सालीच निवर्तला होता. मृताच्या तोंडी घातलेल्या शब्दांची उलटतपासणी कोणी आणि कशी करावी? दुसरा एक पक्ष म्हणतो की बॉम्ब नव्हता. एका लष्करी जेट विमानाची टक्कर झाली आणि पर्वतावर सापडणारे काही तुकडे त्याचीच ग्वाही देतात.

घातपाताची शंका मुळातच हास्यास्पद आहे, असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. एअर इंडियाच्या विमानाचा असा घात याआधी झालेला आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधींना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघालेले ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळले. एकोणीसांपैकी सोळा जण प्राणास मुकले. पेटते विमान अखेरपर्यंत सावरून पाण्यावर उतरविण्याची शर्थ करणारे कप्तान डी. के. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. वाचलेल्या तिघांत अभियंते ए. एस. कर्णिक होते. ही दोन्ही नावे महाराष्ट्राने विसरू नयेत अशीच आहेत. त्या वेळीही आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला होता. चीनने दुसऱ्याच दिवशी अमेरिकेकडे आणि च्यांग कै-शेक यांच्या हस्तकांकडे बोट दाखविले; आपल्या विमानतळावर विमानाला कोणी हात लावलाच नाही, असे हाँगकाँगचे ब्रिटिश अधिकारी सांगत राहिले. वादाचा निकाल लागला तो समुद्राच्या तळातून वर काढलेल्या अवशेषांमुळे. २६ मे १९५५ रोजी इंडोनेशियाने जाहीर केले की विमानात कालबॉम्बचा स्फोट झाला आणि तो हाँगकाँगलाच ठेवला गेला असण्याचा दाट संभव आहे. ज्या सफाई कामगाराकडे संशयाची सुई वळली होती, तो त्याआधीच तैवानला पळाला होता आणि तैवानने त्याला परत दिले नाही. स्फोट झाला हे धातूने सांगितले. तो कोणाच्या हुकमाने झाला, हे सांगणे धातूच्या शक्तीबाहेरचे होते. अवशेषांची साक्ष कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, हे या एका प्रकरणावरून पुरेसे कळावे.

माँ ब्लाँच्या बाबतीत तर या साक्षीला एक विलक्षण अडचण आहे आणि दावे करणारी बहुतेक मंडळी नेमकी तीच विसरतात. त्या उतारावर एअर इंडियाचे एक विमान पडलेले नाही. दोन पडलेली आहेत! ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून कैरोमार्गे जिनीव्हाकडे निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान जवळजवळ त्याच जागी कोसळले होते. त्यातील ४८ जण मेले. ब्रिटनमधील जहाजावर कामाला निघालेले आपले खलाशी त्यांत होते. त्यांच्या शोधार्थ वर चढलेला शामोनीचा वाटाड्या रने पायो हिमदरीत पडून दगावला, तेही परक्या देशातील परक्या माणसांसाठी. पंधरा वर्षांच्या अंतराने पडलेल्या या दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदीने गिळले, दळले, खाली ओढीत आणले आणि आता ती ते मिसळूनच ओकत आहे. अशा स्थितीत एखादा तुकडा ‘बोइंगचा नाही’ एवढ्यावरून तिसऱ्या विमानाची टक्कर सिद्ध करणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. तो बोइंगचा नसेल, तर कॉन्स्टेलेशनचा आहे काय, हे आधी पाहावे लागेल. तोही नसेल, तरच तिसऱ्याचा विचार. ही पायरी गाळून केलेला कोणताही दावा, मग तो देशभक्तीच्या कितीही आवेशाने केलेला असो, आम्ही ग्राह्य मानणार नाही.

ही ओळख पटविणे दुर्घट आहे, असेही नाही. कॉन्स्टेलेशनला चार पंख्यांची, अठरा सिलिंडरांची राइट इंजिने होती. ‘कांचनजंगा’ला रोल्स-रॉइसची कॉन्वे जेट इंजिने होती. सिलिंडराचा फुटका तुकडा आणि जेटच्या चक्राचे पाते यांत सराईत डोळा गल्लत करणार नाही. लहान तुकड्यांची गोष्ट अधिक नाजूक असते. त्यांवर कारखान्याचे ठसे असतात, भागांचे क्रमांक असतात, तपासनिसाची मोहोर असते. रिव्हेटांमधील अंतर, पत्र्याची जाडी, रंगाचे थर हेही मूळ आराखड्याशी ताडून पाहता येतात. या कामी घाई करू नये, याचा धडा २०१५ साली जगाला मिळाला. त्या वर्षी २९ जुलै रोजी रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर विमानाच्या पंखाची मागील झडप वाहून आली. आदल्या वर्षी बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाचीच ती आहे, असे मलेशियाच्या पंतप्रधानांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठामपणे सांगून टाकले. फ्रेंच सरकारी वकील तेव्हा ‘प्रबळ शक्यता’ एवढेच म्हणत होते. बाहेरची ओळखपट्टी गळून पडली होती. म्हणून आतील क्रमांक शोधले गेले, ते स्पेनमधील कारखान्याच्या नोंदींशी ताडले गेले आणि मग ३ सप्टेंबरला फ्रान्सने निश्चितीचा शब्द उच्चारला. पंतप्रधानांचे म्हणणे खरे ठरले, हे त्यांचे सुदैव. परंतु मृतांच्या आप्तांना खात्री मिळाली ती त्या क्रमांकामुळे, पंतप्रधानांच्या घोषणेमुळे नव्हे.

तुकडा कोणत्या विमानाचा हे ठरले की दुसरा प्रश्न येतो: तो कशाने फुटला? स्फोट जवळून झाला असेल, तर पत्र्यावर बारीक खळगे पडतात, कडा गोल वळतात, तप्त वायूच्या झोताने पृष्ठभाग धुऊन निघाल्यासारखा दिसतो. दारूचा अंश साठ वर्षांच्या पाण्यात उरणार नाही, पण धातूवरचे व्रण सहजासहजी पुसले जात नाहीत. टक्कर झाली असेल, तर एका विमानाचा रंग दुसऱ्याच्या पत्र्यावर घासला जातो. अर्थात बर्फानेही पत्रा चेपतो आणि चिरतो. कोणता व्रण क्षणार्धाचा आणि कोणता दशकांच्या दळणाचा, हा विवेक धातुशास्त्रज्ञच करू शकेल. छायाचित्र पाहून निवाडा देणाऱ्या हौशी पंडितांचे ते काम नव्हे. शिवाय, सापडलेल्या थोड्या तुकड्यांवर खुणा नाहीत म्हणून स्फोट झालाच नाही, असेही म्हणता येत नाही. स्फोटाजवळचा भाग कदाचित अजून बर्फातच असेल. परंतु तो सापडेपर्यंत पुराव्याचा भार आरोप करणाऱ्याच्या शिरावर राहतो.

आजवर या मुद्देमालाची काय वासलात लागली आहे? ऑगस्ट २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची राजनैतिक टपालाची एक पिशवी हिमनदीवर सापडली. तीत १९६६ च्या जानेवारीतील वर्तमानपत्रे, दिनदर्शिका आणि पत्रे निघाली. आपल्या वकिलातीने ती ताब्यात घेऊन सन्मानाने दिल्लीला धाडली. २०१३ साली एका गिर्यारोहकाला पाचू, माणके, नीलम यांची डबी सापडली. ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांच्या स्वाधीन केली आणि २०२१ साली त्या रत्नांची वाटणीही झाली. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीचे मथळे असलेली वर्तमानपत्रे वर आली. कागदाला कोणी वाली मिळाला, रत्नांना तर मिळणारच. चेपलेल्या, काळवंडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र कोणी विचारीत नाही. तो कोणाच्या तरी संग्रहात जातो, दिवाणखान्यात शोभेला लागतो, नाहीतर पुन्हा बर्फाखाली गडप होतो. एखादा मळलेला सदरा चोरीच्या खटल्यात सापडला तरी आपला फौजदार पंच बोलावतो, पंचनामा करतो, लाखेने मोहोर लावतो. ११७ माणसांच्या मृत्यूच्या पुराव्याला तेवढीही प्रतिष्ठा लाभू नये? कोठे सापडला, कोणत्या उंचीवर, कोणी उचलला, त्यानंतर कोणाच्या हाती गेला, याची नोंद नसलेला तुकडा न्यायालयाच्या दृष्टीने मुका असतो.

आमचे मत आम्ही स्पष्टपणे नोंदवितो. उपलब्ध माहितीवरून फ्रेंच चौकशीची मीमांसा आम्हाला सुसंगत वाटते. बंद पडलेले यंत्र, चुकलेला अंदाज आणि दोन माणसांमधील अर्धवट संभाषण यांनी विमाने पडली आहेत आणि पडतात. मोठ्या माणसाचा मृत्यूही मोठ्या कारणानेच झाला पाहिजे, असा सृष्टीचा नियम नाही. परंतु आमचे मत हे काही प्रमाण नव्हे. उद्या एखाद्या पत्र्याने स्फोटाची निःसंदिग्ध खूण दाखविली, तर ते मत त्याच दिवशी टाकून देण्यास आम्ही सिद्ध आहोत. घातपाताचा दावा करणाऱ्यांनीही तसाच शब्द द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे. आणि त्यांनी एका गोष्टीचे भान ठेवावे. या प्रकरणात केवळ भाभांचे स्मरण गुंतलेले नाही. अपघाताचा ठपका ज्या वैमानिकावर राहिला आहे, त्याचीही अब्रू यात गुंतलेली आहे. विमान खरोखर बॉम्बने पडले असेल, तर तो निर्दोष ठरतो. पडले नसेल, तर कोण्या परक्या देशावर ११७ खुनांचा खोटा आरोप आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो, असे होईल. दोन्ही अन्याय सारखेच लाजिरवाणे आहेत.

तेव्हा करावयाचे काय, हे उघड आहे. भारत सरकारने फ्रान्सच्या संमतीने आणि शामोनीच्या नगरपालिकेच्या साह्याने हिमनदीवर सापडणाऱ्या प्रत्येक तुकड्याची नोंदवही ठेवण्याची व्यवस्था करावी. खासगी संग्राहकांना चोर न ठरविता त्यांच्याजवळच्या वस्तूंची छायाचित्रे, मापे आणि क्रमांक मागून घ्यावेत. त्यांनी जपले म्हणूनच पुष्कळसे उरले आहे. दोन्ही विमानांच्या देखभालीची जी जुनी दप्तरे अद्याप शिल्लक असतील, ती धुंडाळून अभ्यासकांना खुली करावीत. ज्या तुकड्यांवर शंका आहे, ते भारतीय आणि फ्रेंच तज्ज्ञांनी एकत्र तपासावेत आणि अहवाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, अक्षरशः प्रसिद्ध करावा. यास फार मोठा खर्च येणार नाही. तुर्भ्याच्या ज्या संस्थेला १९६७ साली भाभांचे नाव दिले गेले, तेथे धातूची परीक्षा करणाऱ्यांचा दुष्काळ खास नाही. भाभांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य हे काम करतील, याहून उचित गुरुदक्षिणा कोणती?

वेळ मात्र थोडा आहे. आल्प्समधील बर्फ वर्षागणिक मागे हटत आहे. हिमनदी जे शतकभर जपून ठेवणार होती, ते ती आता उतावळेपणाने टाकून देत आहे आणि प्रत्येक उन्हाळ्यात काही तुकडे ओहोळांतून वाहून नाहीसे होत आहेत. येत्या उन्हाळ्यात बर्फ वितळू लागण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाने पॅरिसशी पत्रव्यवहार सुरू करावा आणि त्याची माहिती लोकसभेपुढे ठेवावी. असे पत्र आजवर गेले असेल, तर त्याची तारीख आणि त्याचे उत्तर जनतेला सांगावे. गेले नसेल, तर ते का गेले नाही, हेही सांगावे.