डबा मुलांचा, वाटा सर्वांचा

भगिनींनो, ज्या घरात आई सहाच्या आत कामाला निघते आणि वडील रात्रपाळी करून आठला घरी येतात, त्या घरात मुलांच्या खाण्याचे काय होते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाणी भरायचे, दोघांचा डबा करायचा, लहानग्याला शेजारी किंवा सासूबाईंकडे सोपवायचे. या गडबडीत मुलांच्या पुढ्यात चहाचा कप आणि चार बिस्किटे येतात. शाळेला निघताना हातावर दहाची नोट ठेवली जाते. संध्याकाळी आई दमून येते, मुले भुकेने किरकिरतात, मग पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानातले पाकीट. पोट भरल्यासारखे वाटते, पण ते भरलेले नसते.

अशा आईला बोल लावणे सोपे आहे. ज्यांनी चार घरची धुणीभांडी किंवा कारखान्यातली आठ तासांची पाळी केलेली नाही, त्यांनी तो लावावा. आम्हाला विचार करायचा आहे तो एवढाच, की आहे त्या वेळेत आणि आहे त्या पैशात मुलांच्या पोटात बरे अन्न कसे जाईल.

आधी पैशाचा हिशेब करू. एका मुलाची दिवसाला दहा रुपयांची दोन पाकिटे धरली, तर दोन मुलांचे ४० रुपये होतात, महिन्याचे १,२०० रुपये. पाकीट उलटे करून वाचा. त्यावर घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. तिथे बहुधा मैदा किंवा मक्याचे पीठ, पामतेल, साखर, मीठ हीच नावे पुढे दिसतील. आता दोन्ही मुलांना रोज एकेक अंडे द्यायचे म्हटले, तर आठ रुपये दराने महिन्याला ४८० रुपये लागतात. उरलेल्या ७२० रुपयांत शेंगदाणे, फुटाणे, थोडा गूळ आणि अधूनमधून केळी येतात. बाजारभाव गावोगाव कमीजास्त असेल, पण हिशेब फारसा चुकणार नाही. तेव्हा पौष्टिक खाणे श्रीमंतांचे, हा समज मनातून काढून टाकला पाहिजे.

हा प्रश्न किती मोठा आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या रक्तात लोह कमी पडून किंवा अन्य कारणाने पंडुरोग, म्हणजे अ‍ॅनिमिया होता. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात ५४ होते. असे मूल लवकर दमते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, वरचेवर आजारी पडते. आपण त्याला आळशी म्हणतो, मास्तर मठ्ठ म्हणतात, आणि मूळ कारण ताटात असते. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या समाजाने हे समजून घ्यायला हवे. शिकवणीची फी भरली तरी उपाशी डोक्यात धडा शिरत नाही.

पहिली गोष्ट, लहान मुलांचा चहा बंद करावा. चहातील तुरट द्रव्ये अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. मोठ्यांनीही जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. उलट लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. उसळीवर अर्धे लिंबू पिळले, जेवणानंतर पेरूची फोड दिली, तर त्याच उसळीचा गुण वाढतो.

दुसरी गोष्ट आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली. ज्वारी, बाजरी, नाचणी, मटकी, कुळीथ, शेवग्याचा पाला, जवळा, सुकट. यातल्या पुष्कळ पदार्थांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडले गेले. आज तेच धान्य मोठ्या दुकानांत सुंदर पिशवीत भरून दुप्पट दराने विकले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध रोज परवडत नसेल त्या घरी नाचणीची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीनचार वेळा व्हायलाच हवी. जवळा सालासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातूनही कॅल्शियम आणि प्रथिने मिळतात. फक्त तो दोनतीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, म्हणजे जास्तीचे मीठ आणि वाळू निघून जाते.

विहारात जमणाऱ्या भगिनींच्या बोलण्यातून एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते. मूल भाकरीचा डबा परत आणते. वर्गातल्या मुलांनी नाक धरले, कुणी हसले, म्हणून ते डबा उघडतच नाही. इथे आई घाबरते आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात नूडल्स देते. तसे करू नये. मुलाला जवळ बसवून सांगावे, की हे आपले अन्न आहे, कष्टाचे आहे, आणि ते कोणाच्याही अन्नापेक्षा हलके नाही. सुकटीचा वास बंद डब्यात कोंदतो, म्हणून ती रात्रीच्या जेवणात घ्यावी, शाळेत शेंगदाण्याची चटणी द्यावी, ही सोय झाली. पण लाज म्हणून काही लपवायचे नाही. आणि चिडवण्याला जातीचा वास येत असेल, तर आईवडिलांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोलावे. डबा परत येतो तेव्हा मुलाची भूकही परत येते, आणि तिच्याबरोबर अपमानही येतो.

आता कामाची मांडणी. रोज सकाळी सगळे नव्याने करायचे म्हटले तर कोणालाच जमणार नाही. सुट्टीच्या दिवशी तासभर काढून शेंगदाणे भाजून कूट करून ठेवावे. शेंगदाणा, जवस किंवा कारळ्याची चटणी करावी, ती कोरड्या डब्यात आठपंधरा दिवस सहज टिकते. थालीपिठाची भाजणी महिनाभर पुरते. मटकी किंवा मूग रात्री भिजवावे, सकाळी फडक्यात बांधावे, दुसऱ्या दिवशी मोड येतात. फ्रीज नसेल तर एकेक वाटीच भिजवावी. कुकर लावताना खाली डाळ, वर भात, बाजूला धुतलेली अंडी किंवा बटाटे ठेवले तर एका गॅसवर तीन कामे होतात. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून कांद्याची फोडणी देता येते. भाताचे मात्र तसे नाही. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात मुलांना देऊ नये, त्याने पोट बिघडते.

डब्यासाठी एक साधा क्रम सुचवतो, आपापल्या सोयीने बदल करावा :

सोमवार – मोडाच्या मटकीची उसळ, चपाती, लिंबाची फोड.
मंगळवार – मेथी किंवा पालक घातलेले थालीपीठ.
बुधवार – अंड्याची भुर्जी आणि चपाती.
गुरुवार – भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गाजर किंवा काकडी.
शुक्रवार – मुगाचे धिरडे.
शनिवार – शेंगदाणे घातलेले कांदेपोहे, वर लिंबू.

संध्याकाळी मुठभर फुटाणे, उकडलेले रताळे, केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा कांदा-टोमॅटो घातलेली चुरमुऱ्यांची भेळ द्यावी. गूळ चवीपुरता असावा. गुळाने रक्त वाढते म्हणून पुष्कळ दिला जातो, पण तीही शेवटी साखरच आहे. दुधात घालायच्या महागड्या पावडरींचेही तसेच. अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात दाखवू नका, अशी सूचना केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिली होती.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर दूध चालू ठेवून मऊ वरणभात, नाचणीसत्त्वाची खीर, कुस्करलेले केळे, अंड्याचा बलक असे घट्ट अन्न द्यावे. पातळ डाळीचे पाणी पाजून बाळाचे पोषण होत नाही. त्याचे पोट लहान असते, म्हणून थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा भरवावे आणि त्यात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. वरची साखर दोन वर्षांपर्यंत नको. पाच वर्षांखालील मुलाला आख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकून जीव जाण्याचा धोका असतो. कूट करून द्यावे. मोबाइल समोर धरून भरवण्याची सवयही लावू नये. मूल किती खाल्ले हे त्याला कळत नाही आणि आईलाही नाही.

सरकारकडून जे मिळायचे तेही पदरात पाडून घेतले पाहिजे. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर व स्तनदा मातांना घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेले अन्न मिळायचे असते. बाळाचे वजन दर महिन्याला करून घ्या आणि नोंद पाहा. शाळेतील आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५०, ३० व ७५ ग्रॅम आहे. खिचडीत डाळ दिसत नसेल तर विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या समितीत आपल्यापैकी कोणी आहे का, याची चौकशी करावी. ही खिरापत नव्हे, मुलांचा हक्क आहे.

शेवटी बंधूंसाठी दोन शब्द. वर सांगितलेली सगळी कामे एकट्या बाईच्या अंगावर टाकली तर ती चार दिवसांत बंद पडतील. रात्रपाळी करून आलेल्याने झोपावे हे खरे, पण मटकी भिजवणे, शेंगदाणे सोलणे, मुलाचा डबा धुणे यांना बाईचाच हात लागतो असे नाही. मुलग्यालाही कांदा चिरायला शिकवा. आणि ताटे वाढताना एक गोष्ट पाहा. सर्वांचे जेवण झाल्यावर तळाशी उरलेला रस्सा आणि अर्धी भाकरी ज्या घरात आईच्या वाट्याला येते, त्या घरात शंभरातल्या ५४ बायकांपैकी एक बहुधा बसलेली असते. अंडी चार आणली तर चार वाटे करा, त्यात तिचा वाटा आधी बाजूला काढा. मुलीच्या ताटात मुलाइतकेच पडते ना, तेही बघा.

सगळे एकदम जमणार नाही. या आठवड्यात मुलांचा सकाळचा चहा बंद करा आणि त्या जागी मुठभर फुटाणे किंवा एक उकडलेले अंडे द्या. एवढे जमले की पुढच्या आठवड्यात मटकी भिजत घाला. तुमच्या घरी झटपट होणारा आणि मुले आवडीने खातात असा काही पदार्थ असेल, तर पोस्टकार्डावर चार ओळी लिहून आम्हाला कळवा. एका घरची युक्ती दहा घरांच्या उपयोगी पडते.