काट्यावरचे वजन कळते कोणाला?

वारणानगरच्या संगणकांचा १९९८ साली केवढा गाजावाजा झाला होता! कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे एका जाळ्यात जोडायची, शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, दाखले, शेतीचा सल्ला द्यायचा, असा तो 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प. केंद्र, राज्य आणि वारणेचा सहकारी समूह अशा तिघांनी पैसा घातला. ५४ केंद्रे उभी राहिली.

पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी जागेवर येऊन पाहिले. संगणक चालत होते ते बहुतांशी उसापुरते. तोड कधी, वजन किती, खत किती उचलले. एवढ्या मूठभर आकड्यांसाठी संगणक कशाला पोसायचे, म्हणून त्यांनी ७ गावांत मोबाईलचा प्रयोग केला. विचारणा एसएमएसने, उत्तरही एसएमएसने. त्यावरचा त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गरजेपुरते यंत्र निवडले, त्याबद्दल आम्ही त्यांना दोष देणार नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत अतिवेगवान जाळ्यांसाठी इंटरनेटचे नियम नव्याने बांधले जात होते. जुन्या टीसीपी नियमात एक खोड होती. एकाच तारेवर दोघे आले, तर ज्याचा निरोप जाऊन परत यायला जास्त वेळ लागतो त्याच्या वाट्याला कमी वेग येई. लांबच्याला कमी, जवळच्याला जास्त! (हा नियम आमच्या वस्त्यांना इंजिनिअरने समजावून सांगायला नको.) नॉर्थ कॅरोलायनाच्या चमूने 'क्युबिक' नावाच्या नियमात ही तफावत बरीच कमी केली. विषमतेला त्यांनी नशीब म्हटले नाही, दोष म्हटले आणि दुरुस्तीला हात घातला.

मग आमचा सवाल वारणेपुरता नाही, साऱ्या साखरपट्ट्याला आहे. त्या प्रयोगातली सेवा ऊसउत्पादकासाठी होती. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन, त्याच्यासाठी. पण काट्यावरचा जो आकडा बागायतदाराचे बिल ठरवतो, तोच आकडा तोडणी टोळीची मजुरी ठरवतो. मजुरी टनावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि डोक्यावर हंगामाआधी घेतलेली उचल. बीडहून आलेली बाई पहाटेपासून मोळ्या बांधते. तिने तोडलेल्या गाडीचे वजन तिला कोण सांगतो?

मोबाईल आता कोपीतही आहे. अडचण सांगायचीच तर एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची साधारण ७०च, तीही काना-मात्रा वेगळे मोजून. पण गाडीचा नंबर, तारीख आणि टन एवढे लिहायला ७० पुरेत. वजन झाले की कारखान्याच्या संगणकात आकडा पडतोच. तो बागायतदाराबरोबर टोळीतल्या प्रत्येक कोयत्याच्या नंबरवर पाठवायला नवी तार टाकावी लागत नाही. येत्या हंगामाचे करार होण्याआधी कारखान्यांनी याचे उत्तर द्यावे.