वरचा धूर आणि खालची ओळ

कुमारवयीन प्रेमाच्या चित्रपटांवर आपल्याकडे जो वाद होतो, तो ठरावीक दोन सुरांत होतो. संस्कृतिरक्षक म्हणतात, असले काही दाखवूच नका. कलास्वातंत्र्याचे कैवारी म्हणतात, हे वास्तव आहे, दाखवणारच. प्रश्न केवळ 'काय दाखवले' एवढाच आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हे गृहीतक स्वीकारू नये. सिगारेट किंवा चुंबन पडद्यावर दिसले याला आमचा आक्षेप नाही. त्यातून जे सुचवले जाते, त्याला आहे.

प्रथम सिगारेट. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चित्रपटाच्या आरंभी आणि मध्यावर तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवावी लागते आणि धूम्रपानाच्या दृश्यात पडद्याच्या तळाशी इशारा द्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२३ पासून हे बंधन ओटीटीवरही आले. या इशाऱ्यांमुळे प्रेक्षकाचे लक्ष विचलित होते म्हणून वुडी ॲलनने २०१३ मध्ये आपला 'ब्लू जस्मिन' भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही. आमची तक्रार नेमकी उलट आहे. ती ओळ रसभंग करीतच नाही!

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर खालची ओळ ही अभिधा आहे. नायकाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश, संथ झालेली हालचाल, धुराबरोबर उठणारे संगीत ही सारी व्यंजना. या दोहोंत कोणाचे चालते, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकातच सांगून ठेवले आहे. सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला त्यासाठी 'ध्वन्यालोक' वाचावा लागत नाही. पडद्यावरचे धूम्रपान आणि तरुणांनी धूम्रपान सुरू करणे यांत कार्यकारणसंबंध आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१२ च्या अहवालाने काढला. तेव्हा ही केवळ मास्तरांची भीती आहे असे म्हणता येणार नाही.

जवळिकीचे चित्रणही याच व्याकरणाने चालते. 'कबीर सिंग'मध्ये (२०१९) ती मुलगी 'माझी' आहे, हे नायक परस्पर जाहीर करतो आणि तिला न विचारता तिच्या गालाचे चुंबन घेतो. ती बहुतांश काळ गप्प. सिगारेट त्याच्या वेदनेचा पुरावा ठरते आणि तिचे मौन तिच्या होकाराचा. दोन्ही संकेत एकच काम करतात: मोठे होण्याचा कष्टाचा भाग गाळून मोठेपणाची खूण तेवढी हाती देतात.

यावर कोणी म्हणेल, तो प्रौढांसाठीचा हिंदी चित्रपट, मराठीचे काय? जयंत पवारांच्या गिरणगावातल्या कथेवरून महेश मांजरेकरांनी केलेल्या चित्रपटाच्या झलकेवर जानेवारी २०२२ मध्ये गदारोळ झाला, राष्ट्रीय महिला आयोगानेही आक्षेप घेतला. तो योग्यच होता. चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र असले तरी झलक कोणाच्याही मोबाइलवर पोहोचत होती. परंतु 'टाइमपास' (२०१४) आपण सहकुटुंब पाहिला. मुलीच्या मागे लागणे हा तेथे लडिवाळ विनोद आहे, म्हणून कोणाला खटकले नाही. ओंगळ दिसले की आपण ओरडतो. गोड दिसले की टाळ्या वाजवतो.

ही गोडी कोणत्या भूमीवर उतरते, हेही पाहावे. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासाचे टॉवर येत असले, तरी अशा खोल्यांत वाढलेली मुले आज आमच्या वर्गांत आहेत. पडद्यावरच्या प्रेमिकांना रिकामे घर सहज मिळते. यांच्या वाट्याला जिन्याचा अंधार किंवा फाइव्ह गार्डन्सचा बाक. तेथे कोणी पाहिले तर मुलाची थट्टा होते आणि मुलीचे कॉलेज बंद होऊ शकते. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याला अठराच्या आतली संमती मान्यच नाही, याची आठवण हे चित्रपट सहसा करून देत नाहीत. आणि ज्या धुराला पडद्यावर वलय असते, त्याचा शेवट पाहायचा तर नायगावातून चालत परळला जावे. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर तो दिसतो.

मग दाखवावे कसे? 'सैराट'च्या (२०१६) पूर्वार्धातही संथगती आणि संगीत आहेच. पण उत्तरार्ध त्याचा हिशेब मागतो. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण आणि पुन्हा एकत्र येणे: जवळीक म्हणजे हे सारे. आर्ची तेथे बक्षीस म्हणून मिळत नाही. ती स्वतः पाहते, स्वतः ठरवते, चुकते आणि कमावते.

बंदीची मागणी आम्ही करीत नाही. बंदीने कुतूहल तेवढे वाढते. मागणी आहे ती मराठीच्या अध्यापकांकडे. कवितेतली प्रतिमा आपण तासभर उलगडतो, मग विद्यार्थ्यांनी वीस वेळा पाहिलेले प्रेमदृश्य वर्गाबाहेर का ठेवावे? कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो? कोणी कोणाला विचारले? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीचे काय झाले? हे प्रश्न आपण वर्गात विचारले नाहीत, तर खालची ओळ कितीही ठळक छापली तरी वाचला जाईल तो वरचा धूरच.