नाणेफेक त्यांच्या हातून होऊ द्या

गोंदिया जिल्ह्यातल्या क्रिकेट, कबड्डी आणि शंकरपटाच्या आयोजकांनो, यंदाच्या पत्रिका छापायला टाकण्याआधी जरा थांबा. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतील, धान घरात आलं की आखरावर खेळपट्टी आखली जाईल. पत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी नावांची उतरंड असेलच. त्यात एक नाव वाढवा. आपल्याच पंचक्रोशीतल्या, कर्करोगातून बऱ्या झालेल्या एका माणसाचं, अर्थात त्याला विचारून. नाणेफेक त्याच्या हातून होऊ द्या आणि मांडवाच्या कोपऱ्यात तोंड तपासायचं एक टेबल लावा. मागणं एवढंच आहे, पण ते याच हंगामात हवं आहे.

का, ते कुठल्याही पानठेल्यावर उभं राहिलं की कळतं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जातो आणि ती पन्नी खिशात टाकून पोरगा थेट फिल्डिंगला जातो. गाल फुगलेला. झेलासाठी हाक द्यायची तर आधी थुंकावं लागतं. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ खाण्याचा, चघळण्याचा किंवा दातांना लावायचा तंबाखू घेताना आढळले. बिडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के. म्हणजे आपला घात तोंडातूनच होतो आहे. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे. खर्रा मात्र डोळ्यांदेखत ताजा घोटून मिळतो, त्याला कारखाना लागत नाही.

पुढचा क्रम आपल्या गावागावांत पाठ आहे. आधी रश्श्याचं तिखट झोंबायला लागतं. मग तोंड पूर्ण उघडत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, एखादी जखम भरतच नाही. ‘तोंड आलंय’ म्हणून मेडिकलमधून काहीतरी आणून लावलं जातं. कापणी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, असं करत दुखणं अंगावर काढलं जातं आणि नागपूर गाठेपर्यंत मानेत गाठ उतरलेली असते.

अंगावर काढण्यात मोठे खेळाडूही सुटलेले नाहीत. 12 मार्च 2011 ला नागपूरजवळच्या जामठ्यात विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना झाला, तो आपल्याकडच्या कित्येकांना अजून सलतो. सचिनचं शतक, 1 बाद 267 वरून 296 ला सगळे बाद, आणि शेवटच्या षटकात पराभव. त्या संघात युवराज सिंग होता. त्या स्पर्धेत त्याला खोकला होता, श्वास लागत होता. आठवडाभरानंतर चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने मैदानावर उलट्या करत 113 धावा काढल्या. 362 धावा काढून आणि 15 बळी घेऊन तो स्पर्धेचा मानकरी ठरला. त्याला कर्करोग असल्याचं जगाला कळलं 2012 मध्ये. छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ होती. केमोथेरपी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला.

त्या गाठीचा तंबाखूशी संबंध नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पानठेल्यावर लगेच कोणी म्हणेल, ‘बघा, न खाणाऱ्यालाही होतो.’ होतो ना. म्हणून खाणाऱ्याचा धोका कमी होत नाही.

मला या कहाणीतला वेगळाच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत उपचार सुरू असताना युवराज लॅपटॉपवर आपल्याच जुन्या खेळ्या बघत बसायचा. अनिल कुंबळे त्याला भेटायला गेला, त्याने तो लॅपटॉप बंद केला आणि सांगितलं, आधी तब्येतीकडे बघ. डॉक्टरही हेच सांगत असणार. पण कुंबळेने सांगितलं की ते वेगळं ऐकू येतं. पुढे 2018 च्या आयपीएलच्या वेळी इंदूरला युवराज स्वतः एका कर्करोगग्रस्त मुलाला भेटला. आजारातून उठलेला माणूस समोर दिसला की त्या मुलाला काय मिळतं, ते तपासणीच्या कागदावर येत नाही.

अशा भेटी आपण योगायोगावर सोडल्या आहेत. गोंदियात युवराज येण्याची वाट बघायची गरज नाही. गावाच्या पोरांसाठी तालुक्याचा चढाईबाजच हिरो असतो. आणि बरी झालेली माणसंही इथेच आहेत, तिरोड्यात, देवरीत, सालेकशात, अर्जुनी मोरगावात. ती दिसत नाहीत, कारण जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती दुपट्ट्याने तोंड झाकून असतात. चारचौघांत घास सांडेल म्हणून लग्नाची पंगत टाळतात. गावाला मेलेले आठवतात, वाचलेले दिसतच नाहीत, म्हणून ‘कॅन्सर म्हणजे गेला’ हे वाक्य टिकून आहे. या माणसांनो, तुम्हालाही विनंती आहे, एक दिवस मैदानावर या. भाषण नको. शब्द अडखळत असतील तरी चालेल. आयोजकांनी मात्र त्यांना न विचारता फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत.

कर्णधारांनो, तुमच्यासाठी जरा कडक बोलतो. तुमच्या तोंडात खर्रा असेल, तर त्या टेबलावर पहिले तुम्ही बसा, पोरांच्या देखत. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर आतली त्वचा आखडते आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दाखवायला उद्याचा दिवसही उशिराचा आहे.

टेबलासाठी वर्गणी लागत नाही. तिशीपुढच्या लोकांची मुखकर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला मंडळाच्या नावाने अर्ज द्या आणि आशाताईंना सोबत घ्या. पुढच्या उपचारासाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि त्याच जामठ्यात आता राष्ट्रीय कर्करोग संस्थाही उभी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर उपचाराला जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही मिळते. हे अनेकांना माहीतच नसतं आणि भाड्यापायी तारखा चुकतात.

मैदानाच्या हद्दीत त्या दिवशी खर्रा विकू देऊ नका. भांडण होईल, होऊ द्या. आणि ज्याच्या तोंडात चट्टा सापडेल त्याला नुसती चिठ्ठी देऊन सोडू नका. आठवड्याच्या आत त्याच्यासोबत नागपूरला कोण जाणार, हे त्याच टेबलावर ठरवा.