आकडा बहुसंख्याकांचा, निर्णय मूठभरांचा

"लोकांना जे हवं तेच आम्ही दाखवतो." वाहिनीच्या दारात निवेदन घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यांना हे उत्तर पाठ झालेलं आहे. आता तर आपल्यातलेच काही तरुण म्हणू लागलेत की त्यांचंही बरोबर आहे, आपणच आपला टीआरपी वाढवला पाहिजे, सगळ्यांनी ठरवून अमुक वाहिनी लावा, मग बघू कसं दुर्लक्ष करतात. आम्हाला ही भूमिका साफ चुकीची वाटते. का, ते समजायला ब्रिटनच्या टीव्हीकडे बघावं लागेल. प्रेक्षक मोजायचा धंदा तिथे आपल्या कितीतरी आधी सुरू झाला आणि त्या आकड्याचा मार तिथल्या काळ्या लोकांनी आधी खाल्ला.

१९५८ साली बीबीसीवर 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' सुरू झाला. गोरे गायक तोंडाला काळं फासून, ओठ पांढरे जाड रंगवून नाचायचे, गायचे. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथे ते शनिवार संध्याकाळचं कौटुंबिक मनोरंजन होतं. ऐन भरात दीड कोटीहून जास्त लोक ते बघत. १९६७ साली वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या कार्ड या संघटनेने बीबीसीकडे तो बंद करण्याची मागणी केली. बीबीसीने ती फेटाळली. कार्यक्रम बंद झाला १९७८ मध्ये, म्हणजे त्यानंतर आणखी ११ वर्षांनी.

यातला सगळ्यात बोलका भाग बीबीसीच्या आतला आहे. खुद्द त्यांचा मुख्य हिशेबनीस बॅरी थॉर्न याने, म्हणजे एका गोऱ्या अधिकाऱ्याने, या कार्यक्रमाला लेखी विरोध केला होता. त्यावर ऑलिव्हर व्हिटली या बड्या अधिकाऱ्याचं म्हणणं काय? काळ्यांच्या हितचिंतकांनी त्यांना सांगावं की तुमचा मुद्दा कळतो, पण तुमच्याच भल्यासाठी गप्प बसा, किरकोळ गोष्टीवर दारूगोळा वाया घालवू नका. मित्रांनो, हे ओळखीचं वाटतं ना? 'मुद्दा बरोबर आहे, पण ही वेळ नाही' हे आपल्याला किती पुरोगाम्यांनी, किती वेळा ऐकवलंय?

बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जमातीचं बहुमत यांत फरक केला होता. राजकीय बहुमत घडतं, बदलतं. जमातीचं बहुमत जन्मानेच ठरलेलं असतं. तोंड काळं करण्याचा खेळ चालू ठेवायचा की नाही, याचा कौल दीड कोटी गोऱ्या प्रेक्षकांकडे मागणं म्हणजे जन्मजात बहुमताला न्यायाधीश करणं. मूठभर काळ्या माणसांनी टीव्ही बंद केला म्हणून तो आकडा कितीसा हलणार होता?

पण आकडा खरोखरच राजा असतो का? 'माइंड युवर लँग्वेज' ही मालिका आठवा. आपल्या दूरदर्शनवरची 'ज़बान संभाल के' तिच्यावरूनच घेतलेली. इंग्रजी शिकायला आलेले शीख, पाकिस्तानी, चिनी, सगळ्यांची टवाळी. प्रेक्षक भरपूर होते. तरीही लंडन वीकेंड टेलिव्हिजनच्या मायकेल ग्रेडने १९७९ मध्ये ती बंद केली, कारण परक्यांची असली साचेबंद चित्रं त्याला आक्षेपार्ह वाटली. म्हणजे आकडा चांगला असूनही कार्यक्रम काढता येतो. एका ठिकाणी आकडा ढाल झाला, दुसऱ्या ठिकाणी तो बाजूला ठेवला गेला. फरक खुर्चीत कोण होतं याचा.

आकडा तयार होतो कसा, तेही बघा. पूर्वी बीबीसी लोकांना विचारून स्वतःचे आकडे काढी, आयटीव्हीसाठी घरात मीटर लावून मोजणी होई, आणि दोघांचे हिशेब जुळत नसत. शेवटी १९८१ मध्ये बार्ब ही सामायिक संस्था आली. (आपल्या बार्कचं नावही त्याच धर्तीचं.) ही मोजणी पाचेक हजार घरांच्या नमुन्यावर चालत आली. शंभरात एक घर असलेल्या समाजाच्या वाट्याला त्यात पन्नासेक घरं येणार. पन्नास घरांवरून एका समाजाची आवड ठरवायची? आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात असला नमुना दाखवला असता तर सरांनी कागद परत फेकला असता.

वेळेचा खेळ तर आणखी सोपा. भारत-पाकिस्तानातून गेलेल्यांसाठी बीबीसीने १९६८ पासून 'नई ज़िंदगी नया जीवन' हा कार्यक्रम चालवला. वेळ रविवारी सकाळची. शनिवारची संध्याकाळ मिन्स्ट्रेलला आणि रविवारची सकाळ यांना, अशी वाटणी आधीच करून ठेवायची आणि मग कोण लोकप्रिय ते मोजायचं.

याउलट चॅनल फोर. १९८२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आयटीव्ही ज्यांची दखल घेत नाही त्यांच्यासाठी कार्यक्रम करणं हे त्याला कायद्यानेच बंधनकारक होतं. जाहिराती आयटीव्हीच्या कंपन्या विकत आणि चॅनलला निधी देत, त्यामुळे रोजच्या आकड्याचा फास गळ्याला नव्हता. बहुसांस्कृतिक कार्यक्रमांच्या खुर्चीत १९८४ पासून फारूख धोंडी होते. पुण्यात जन्मलेले पारशी, पण ब्रिटिश ब्लॅक पँथरच्या चळवळीतून तयार झालेले. त्यांच्या काळात तारिक अली आणि डार्कस हाउ यांचा 'बंडुंग फाइल' आला, पेकहॅममधल्या काळ्या न्हाव्याच्या दुकानावरची 'डेझमंड्स' आली आणि तिचे ७१ भाग झाले. आधी कायदा, मग खुर्ची, मग प्रेक्षक. क्रम नीट लक्षात घ्या.

१९९३ पासून चॅनल फोरला स्वतःच जाहिराती विकाव्या लागल्या. जानेवारी २००७ मध्ये याच वाहिनीच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक मिळाली. ऑफकॉमकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या, प्रायोजकाने हात काढले, आणि त्या गदारोळात प्रेक्षक वाढले. कार्यक्रम शेवटपर्यंत चालला. नियमभंग सिद्ध झाल्यावर शिक्षा काय, तर निकाल पडद्यावर वाचून दाखवा.

त्या वेळी पाटण्यात पुतळे जळाले, आपल्या वाहिन्या दिवसरात्र पेटल्या होत्या. त्याच्या चारच महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजी घडलं होतं. ते 'राष्ट्रीय बातमी' व्हायला किती आठवडे गेले आणि किती मोर्चे काढावे लागले, हे ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना विचारा.

म्हणून आमचं म्हणणं आहे की 'आमचे इतके कोटी प्रेक्षक आहेत' हे वाक्य पुढच्या निवेदनातून काढून टाका. त्याऐवजी विचारा: मालिका आणि बातम्या मंजूर करणाऱ्या टेबलावर कोण कोण बसतं, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, संध्याकाळची वेळ कोणाला द्यायची हे कोणी ठरवलं, आणि मीटर लावलेल्या घरांत आपल्या वस्त्या किती. उत्तर लेखी मागा, तारखेसह.