मथळा दिसतो, ऐकू येत नाही

सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांपैकी १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. कायदा सुगम्यतेचे बंधन घालतो आणि नियम मात्र मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस करून थांबतो, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. किमान मानके सक्तीची करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत देण्यात आली. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असेही याच न्यायालयाने सांगितले. या निकालांचे स्वागत व्हायलाच हवे. तथापि ज्या ठिकाणी हा हक्क दररोज बुडतो, ते ठिकाण कोणत्याही न्यायासनापासून फार दूर आहे. ते म्हणजे कार्यालयातील संगणकचालकाचे टेबल.

गिरगावातील खोताच्या वाडीचा परिसर घ्यावा. अरुंद वळणावळणाची गल्ली, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओटे, आणि भोवताली चाळींच्या जागी उठलेले मनोरे. या भागातील भाडेकरूच्या हाती आज ना उद्या पुनर्विकासाचा करारनामा पडतो. उपकरप्राप्त इमारतींच्या बाबतीत ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरेशी असल्यामुळे एकेका सहीला वजन आहे. समजा, असा एक भाडेकरू दृष्टिहीन आहे. त्याच्याकडे संगणक आहे आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. करारनामा तीस पानांचा आहे. या गृहस्थाला तीनच गोष्टी पाहावयाच्या आहेत: चटईक्षेत्र किती, पर्यायी जागेचे भाडे किती आणि ताबा केव्हा. डोळस माणूस पाने चाळून दोन मिनिटांत ही कलमे काढतो. दृष्टिहीनाला पहिल्या पानापासून सगळे ऐकत बसावे लागते. कंटाळून तो शेजाऱ्याला वाचून दाखवायला सांगतो. आणि त्याच करारात शेजाऱ्याचेही हित गुंतलेले असते!

यात यंत्राचा दोष नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये मथळा दोन प्रकारे करता येतो. शब्द निवडून ते ठळक करावेत, आकार वाढवावा आणि मध्यभागी आणावेत, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात त्या ओळीला ‘हेडिंग’ ही शैली लावायची; कंट्रोल, आल्ट आणि १ या कळा एकत्र दाबल्या की काम झाले. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु पहिल्या प्रकारात संगणकाच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते. दुसऱ्या प्रकारात तिची नोंद मथळा म्हणून होते, आणि स्क्रीन रीडर वापरणारा ‘एच’ ही एक कळ पुन्हा पुन्हा दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाऊ शकतो किंवा सर्व मथळ्यांची यादीच समोर आणू शकतो. चाळणे म्हणतात ते हेच. फक्त ते कानाने होते.

तक्त्यांचेही असेच. मोकळ्या जागा आणि टॅब मारून जुळविलेले रकाने डोळ्यांना सुबक वाटतात. कानावर मात्र नावे आणि आकडे यांची एकच खिचडी येते. खरा तक्ता घालून त्याची पहिली ओळ शीर्षकाची आहे असे नोंदविले, तर आकड्याबरोबर रकान्याचे नावही ऐकू येऊ शकते. महत्त्वाचे वाक्य नुसते तांबड्या रंगात टाकले, तर तो रंग आपण होऊन सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

ही सवय आली कोठून? ती टंकलेखन यंत्राची आहे. त्या यंत्रावर मथळा मध्यभागी आणायचा तर अक्षरे मोजून जागा सोडाव्या लागत आणि ठळकपणासाठी खाली रेघ मारावी लागे. पिढ्यान्‌पिढ्या टंकलेखनाच्या वर्गांत हेच कौशल्य शिकविले गेले. यंत्र गेले, संगणक आला. बोटांची शिस्त मात्र तीच राहिली. संगणकाला महागडे टंकलेखन यंत्र समजणारी कार्यालये आजही कमी नाहीत.

मराठीचे दुखणे आणखी एका पायरीने खोल आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. तरीही आपल्या छापखान्यांनी आणि कार्यालयांनी त्यानंतर कितीतरी वर्षे असे फॉण्ट वापरले, की ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो आणि फाइलमध्ये प्रत्यक्षात एखादे इंग्रजी अक्षर वा चिन्ह साठविलेले असते. अशी फाइल स्क्रीन रीडरने उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन जप सुरू होतो. त्यावर कडी म्हणजे, नीट युनिकोडमध्ये लिहिलेले पत्रही आधी छापायचे, त्यावर सही आणि गोल शिक्का उमटवायचा आणि मग त्याचे छायाचित्र पीडीएफ म्हणून प्रसृत करायचे, ही पद्धत. शिक्क्याशिवाय कागदाला कागदपण येत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. त्या छायाचित्रात अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आहेत. पण जोडाक्षरांशी आणि पुसट प्रतींशी त्यांची अद्याप पुरती गट्टी जमलेली नाही, आणि करारातील एक आकडा चुकला तरी पुरे.

दृष्टिहीन माणूस केवळ वाचक असतो, हाही एक गैरसमज आहे. २०१६ च्या कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. खोताच्या वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावरील सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालते. अशा ठिकाणी शिकून विद्यार्थी कारकून होतात, प्राध्यापक होतात, टिपणे आणि अहवाल लिहितात. एनव्हीडीएमध्ये एका आज्ञेने फॉण्ट, आकार, ठळकपणा यांची माहिती ऐकता येते. हाताने रंगरंगोटी केलेल्या अहवालात मात्र त्यांना ओळ न्‌ ओळ अशी तपासावी लागते. शैली वापरल्या असतील तर व्याख्या एकदा ठरते आणि मथळा कसा दिसतो याची चिंता उरत नाही. वरिष्ठांनी पत्राच्या मांडणीवरून माणसाची योग्यता जोखावी, हे आपल्याकडे चालतच आले आहे. तेव्हा प्रश्न सोयीचा नसून बढतीचाही आहे.

दृष्टिहीन वाचक असे कितीसे, हा आक्षेप हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. पण संख्येचा युक्तिवाद बाजूला ठेवून नुसता हिशेब पाहिला तरी चालेल. समजा, शैली न वापरल्याने लिहिणाऱ्याची पाच मिनिटे वाचली. तो कागद दहा दृष्टिहीनांनी प्रत्येकी अर्धा तास ऐकला, तर पाच मिनिटांच्या बचतीवर पाच तास खर्च झाले. बचत एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा व्यवहार बाजार आपण होऊन दुरुस्त करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. शिवाय येथे ती बचतही फसवी आहे. शैली लावलेल्या दस्तऐवजाची अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि पन्नास पानांच्या अहवालातील सगळे मथळे एका फटक्यात बदलता येतात.

म्हणून नियमांची वाट पाहण्यापेक्षा सुरुवात परीक्षेपासून व्हावी. संगणक टंकलेखनाची शासकीय प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि कारकुनाच्या नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागते. तीत पत्र आणि तक्ता यांचे गुण देताना नुसता छापील देखावा न पाहता फाइल उघडून मथळ्याची शैली आणि तक्त्याची शीर्षक-ओळ तपासली, तर गल्लोगल्लीचे टंकलेखन वर्ग पुढच्याच सत्रापासून ते शिकवू लागतील. कारण ज्याला गुण आहेत तेच वर्गात शिकविले जाते. महाविद्यालयांनी प्रकल्प-अहवाल स्वीकारताना हीच अट घालावी. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. सही-शिक्क्याची प्रत कार्यालयांनी खुशाल जपून ठेवावी; तिच्याबरोबर मूळ युनिकोड फाइलही द्यावी, एवढेच. गिरगावातील त्या भाडेकरूला विकासकाकडून हीच फाइल मागण्याचा हक्क आहे, आणि ती हाती आल्याखेरीज त्याने संमतिपत्रावर सही करू नये.